चिंचेचा पंचनामा राहिला

खुनाच्या आणि दरोड्याच्या कितीतरी केसेस मी विसरून गेलो. घडीच्या एका लोखंडी खुर्चीची चोरी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. हसू नका. मी नुसता खाकरलो की लॉकअपमधला आरोपी सहा गुन्हे कबूल करायचा आणि सातवा आठवायला वेळ मागायचा. अशा माणसाला त्या खुर्चीनं चारी मुंड्या चीत केलं.

नव्वदीचं दशक होतं. नाशिकपासून एसटीनं तासाभरावर असलेल्या एका गावात मी फौजदार होतो. गावाचं नाव विचारू नका. गाव लहान, पालिका नवी आणि हौस मोठी. गावाच्या कडेला मास्तर-कारकुनांची एक वसाहत होती आणि तिच्या मधोमध दीड एकर मोकळी जागा होती, आराखड्यात बागेसाठी राखलेली. मूळ मळा एका माळीणबाईंचा. त्यांना सगळे मावशी म्हणत. मळा विकताना त्यांनी एकच बोली केली होती: दक्षिणेच्या कोपऱ्यातली विहीर आणि चिंच राहू द्यायची. वसाहतीच्या वतीनं तसा शब्द दिला होता तिथल्याच एका रहिवाशानं. ते कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार.

आणि चिंच तरी कशी! सिंहस्थातले सगळे आखाडे तिच्या सावलीत मावले असते आणि उरलेल्या जागेत माझं ठाणं. भर मे महिन्यात तिच्याखाली बसायला आम्ही स्वेटर घेऊन जायचो.

त्या जागेवर पालिकेला दुकानांचं संकुल बांधायचं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘जागा पडीक, झाडे नाहीत.’ शिरस्तेदारांनी हरकत घेतली. उत्तर आलं, ‘पाहणीत झाडे आढळली नाहीत.’ त्यांनी झाडांचे फोटो जोडले. त्यावर उत्तर, ‘सदर झाडे याच जागेतील असल्याचा पुरावा नाही.’ हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळली ती चोरी.

एका सकाळी शिरस्तेदार ठाण्यात आले. इस्त्रीचा सदरा, हातात अर्ज. "फौजदारसाहेब, माझी खुर्ची गेली. मोकळ्या जागेत पूर्वेला ठेवली होती."

आमचे हवालदार म्हणाले, "काका, भंगारवालासुद्धा घ्यायचा नाही ती. साधा अर्ज देऊन जा."

"चोरी दखलपात्र आहे, हवालदार. फिर्याद लिहा, आणि पंचनामा जागेवर येऊन करा."

कायदा त्यांच्या बाजूचा होता. दोन पंच घेऊन आम्ही गेलो. पंचनाम्यात घटनास्थळ पक्कं करावं लागतं. चारी दिशांना काय आहे आणि ते किती पावलांवर आहे, सगळं लिहायचं. शिरस्तेदार शेजारी उभे राहून सांगू लागले, "खुर्ची या निंबापासून चार पावलं. निंबाचा घेर लिहा, नाहीतर कोर्टात विचारतील कोणता निंब. त्याच्या मागे आणखी दहा निंब, तेही घ्या."

हवालदार माझ्या कानाशी लागले. "साहेब, आपण खुर्ची शोधतोय का वनखात्याची मोजणी करतोय?"

आठवड्यात दुसरी फिर्याद आली. झाडांना पाणी घालायची झारी उत्तरेच्या बाजूनं गेली होती. तिथं बकुळ आणि जांभळं. पुढच्या आठवड्यात छत्री, पश्चिमेला पेरूच्या फांदीला टांगलेली. पंचनामा, घेर, पावलं, पंचांच्या सह्या. गावातल्या यच्चयावत भुरट्या चोरांना मी हजेरीला बोलावलं. त्यातला एक मुरलेला चोर तर दुखावलाच. "साहेब, वीस वर्षांत मी कधी झारी चोरली का? आमची पण काही इज्जत हाय."

खरं सांगायचं तर मला त्या जागेची गोडी लागली होती. तपासाच्या निमित्तानं रोज संध्याकाळी जीप तिकडे वळायची. चिंचेखाली शिरस्तेदार, हवालदार आणि मी. मावशी ओच्यातून चिंचा काढून द्यायच्या, पुडीतून मीठ. विहिरीत पारवे घुमायचे. कुणी काही मागत नव्हतं, कुणी तक्रार करत नव्हतं. पोलिसाच्या नोकरीत अशा संध्याकाळी किती वाट्याला येतात? मला त्या तीन आठवडेच मिळाल्या.

आणि त्या मीच संपवल्या. एकदा मी मावशींना सहज म्हणालो, "मावशी, ती खुर्ची काही सापडेना."

"कोन्ती? ती लोखंडाची?" मावशी म्हणाल्या. "आवो, सकाळीच तर तिच्यावर बसून च्या प्याले म्या. शिरस्तेदाराच्या घरात. डुगडुगती लय."

पुढे त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जीभ चावली. माझ्या अंगात मात्र फौजदार संचारला. तडक शिरस्तेदारांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"या, बसा," ते म्हणाले.

"कशावर बसू?"

त्यांनी आतून खुर्ची आणून उघडली. "मुद्देमालावर बसा."

झारी मोरीत होती, छत्री खुंटीला. मी आवाज चढवला. असा चढवला की पांडवलेण्यातल्या मूर्तींनी कानांवर हात ठेवले असतील. "काका, खोटी फिर्याद हा गुन्हा आहे! तुम्हाला आत टाकू शकतो मी!"

"टाका," ते शांतपणे म्हणाले. "पण पंचनामे झालेत ना? पंचांच्या सह्या आहेत ना? चाळीस वर्षं मी कोर्टात कागद हाताळले, फौजदार. माझं पालिका ऐकत नाही. तुमच्या पंचनाम्याचं तिला ऐकावं लागेल. बागेला साक्षीदार नव्हता, तो मी मिळवला."

मी त्याच मुद्देमालावर मटकन बसलो. हसू आवरेना. आयुष्यभर मी मांजराचा वाघ करून सांगितला, आणि या माणसानं माझ्याच हातानं माझ्याकडून इंच-इंच खरं लिहून घेतलं होतं.

"चौथा कोपरा?" मी विचारलं.

"दक्षिणेचा शेवटी ठेवला होता. लहान झाडं एका दिवसात नाहीशी करतील म्हणून ती आधी घेतली. चिंच कोण नाकारणार? उद्या कंदील चोरीला जायचा होता." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही एक दिवस आधीच हुशार झालात."

त्यांना आत टाकलं नाही. वस्तू फिर्यादीच्याच घरी मिळून आल्या, फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल वर पाठवला. पण आता चौथी फिर्याद मी घेऊ शकत नव्हतो. खोटी आहे हे मला ठाऊक होतं.

शिरस्तेदारांनी पंचनाम्यांच्या नकला काढून पालिकेविरुद्ध दावा लावला. मला साक्षीला बोलावलं. पालिकेच्या वकिलांनी विचारलं, "चोरी झाली होती का?"

"नाही."

"म्हणजे पंचनामे खोटे?"

"चोरी खोटी, साहेब. झाडं खरी. घेर मी स्वतः टेप लावून मोजलेत."

कोर्टात हशा पिकला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "चिंच पंचनाम्यात आहे?"

"नाही. पण जागेवर आहे."

तीन बाजूंना मनाई हुकूम मिळाला. दक्षिणेसाठी कोर्टानं पाहणीला माणूस नेमला. तो यायच्या आधी लागोपाठ दोन सुट्ट्या आल्या. तो आला तेव्हा विहीर बुजली होती आणि कोपऱ्यात मुरूम पसरून रोलर फिरला होता. पाहणीत झाड आढळलं नाही.

मी पोचलो तेव्हा मावशी तिथं उभ्या होत्या. रडत नव्हत्या. पायानं मुरूम बाजूला सारून खाली काही दिसतंय का ते बघत होत्या. मला म्हणाल्या, "फौजदार, शिरस्तेदाराची छत्री गेली तवा लिहून घेतलं तुमी. आता ही चोरी लिहून घेता का?"

ज्या झाडाची कुठं नोंदच नाही, त्याची चोरी लिहायची कशी? कागदावर तिथं काही नव्हतंच, आणि जे नव्हतं ते गेलं कसं? मी टोपी काढून हातात घेतली. दुसरं काही करता आलं नाही. शिरस्तेदार जरा मागे उभे होते. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

नोकरीत मला शिकवलं होतं की तपास वेळेत पूर्ण करावा. या केसनं शिकवलं की सुगावा लागला म्हणून लगेच धावू नये. आधी बघावं, चोर नेमकं काय वाचवतो आहे.

आता मी इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो. शिरस्तेदार गेले, मावशीही गेल्या. कधीमधी एसटीनं त्या गावी जातो. तीन बाजूंना बाग उभी आहे. बकुळीखाली पोरं खेळतात. निंब चांगलेच जाड झालेत. दक्षिणेला दुकानं आहेत. त्यांच्या पायरीवर बसलो की चप्पल काढूनसुद्धा पाय भाजतात.

सकाळी फिरायला येणारे मित्र म्हणतात, "साहेब, गेल्या वर्षी त्या चिंचेखाली आखाडे बसत होते, यंदा तुम्ही अख्खं नाशिक बसवलंत!" बसवणारच. त्या निंबांना मी बोटभरही वाढवून सांगू शकत नाही, त्यांचा घेर माझ्या अक्षरात लिहिलेला आहे. चिंचेचा घेर कुणीच लिहिला नाही. म्हणून ती दरवर्षी वाढते.