तुळशीमागची भिंत

ओल्या सिमेंटचा वास आला की मला पनवेलच्या घरातली तुळशीमागची भिंत आठवते. तिच्यासाठी मागवलेल्या रंगीत फरश्या मोरा बंदरातून बैलगाडीने येताना फुटल्या. वडील चिडून त्या फेकायलाच निघाले, तेव्हा घमेली वाहणारी मजूरबाई म्हणाली, "टाकू नका शेट, मी लावते." गवंडी हसला, "तुला जमायचं नाय!" तिने सारवलेल्या अंगणात सगळे तुकडे पसरले आणि एकालाही हातोडी न लावता, हातात फिरवत फिरवत प्रत्येकाची जागा शोधली. दुपारपर्यंत गवंड्याचं हसू गेलं. संध्याकाळी तोच तिला सिमेंटचा माल कालवून घमेल्यांतून आणून देत होता. अजूनही पाहुणे भिंतीपुढे थबकतात, गवंडी कोण होता विचारतात. मी सांगते, गवंडी त्या दिवशी घमेली उचलत होता.