भामाबाईच्या साडीचं दुपटं

भामाबाई एका जागी बसेल तर शपथ. बजाजनगरातल्या दीड खोलीत ती आधी गॅसचं बटण तपासायची, मग दाराची कडी, मग पुन्हा गॅस. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आग लागून तीन वर्षं होत आली. भामाबाई वाचली, शेजारच्या मशीनवरची सोनिया वाचली नाही. तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी बाईच्या काळजाचं पाणी व्हायचं. लोक म्हणायचे, विसरा आता. विसरणं म्हणजे काय दळण आहे, गिरणीत नेलं आणि करून आणलं!

शहरातल्या एका दवाखान्यात असा धसका घेतलेल्या माणसांचा अभ्यास चालला होता. भामाबाईनं तिथं रक्त दिलं. प्रेरणा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बैजवार समजावलं, "मावशी, जनुकं म्हणजे घरातले दिवे समजा. दिवे तेच राहतात, पण मोठा धक्का बसला की काहींची बटणं चालूच राहतात, काहींची बंद पडतात. तुमच्या अंगात तसं झालंय का, ते आम्ही बघतोय."

"आन् हे लेकराबाळांत उतरतं का?"

"त्याचा शोध चालू आहे. माणसांच्या बाबतीत अजून पक्कं काही सांगता येत नाही. आणि बटणं पुन्हा फिरूही शकतात, मावशी."

भामाबाईच्या कानात 'शोध चालू आहे' एवढंच राहिलं. कारण तिची लेक मोनाली बाळंतपणाला घरी आली होती.

बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या जुन्या, मऊ साडीचं करायचं, म्हणजे बाळाला आजीचं आयुष्य लाभतं, अशी त्यांच्याकडची रीत. आयुष्य लाभतं, मग धसका काय मागं राहील? भामाबाईनं सगळ्या जुन्या साड्या भांडीवालीला देऊन टाकल्या आणि गुलमंडीवरून नवं कापड आणलं.

"आई, एक साडी नाय ठेवलीस माझ्या लेकरासाठी?" मोनालीचे डोळे भरले.

"नवंच चांगलं असतं," म्हणत भामाबाई गॅस बघायला उठली. तिलाही रडूच येत होतं.

मुलगी झाली. त्या कोऱ्या, कडक कापडात पोर सारखी किरकिरायची. एका दुपारी भामाबाई भांडी घासून आत आली, तर पोर शांत. मोनालीनं दोरीवरची भामाबाईची रोजची साडी काढून चौघडी करून तिच्याभोवती गुंडाळली होती.

"काढ ते! माझं भ्या जाईल तिच्यात!"

भामाबाई हे आजवर कुणापाशी बोलली नव्हती. तेवढ्यात शेजारी कुकरची शिट्टी झाली. भामाबाई दचकली आणि बाळानंही दोन्ही हात फेकले.

"बघ! आलं का नाय तिच्यात?"

"अगं, सगळीच लेकरं दचकतात. नर्सबाईनं सांगितलंय. समोरच्या राजकुमारचं पोरगं बी दचकतं, त्याच्या आजीनं कुठं आग बघितली व्हती?"

भामाबाईला पटलं नाही. पुढच्या शिट्टीची वाट बघत ती बाळाजवळ बसून राहिली. शिट्टी झाली. ती पुन्हा दचकली. बाळाचेही हात हलले, ओठ थरथरले, मग मुठीत साडीचा काठ धरून पोर गाढ झोपली.

दचकून झाल्यावर पुन्हा झोपायचं असतं, हे भामाबाईला तीन वर्षांत जमलं नव्हतं. साडी काढायला पुढं केलेला हात तिनं हळूच बाळावर ठेवला. गॅस बघायला उठायचं त्या दुपारी राहूनच गेलं.