दोन नारळांचा साकव

आमच्या वाडीच्या साकवावरून मी हल्ली दिवसातून दोनदा तरी जातो, कधी काही काम नसतानासुद्धा. बायको म्हणते, पेन्शन लागल्यावर लोक देवदर्शनाला जातात, आमचे साकवदर्शनाला जातात. म्हणू दे. त्या साकवावर आमच्या वाडीतल्या कोणाचा पाय पडणार नाही, असा शब्द मी स्वतःच्या तोंडाने देऊन बसलो होतो. तिथे पाय ठेवला की अजूनही मला सुटल्यासारखं वाटतं.

साकव म्हणजे वहाळावरचा, ओढ्यावरचा, लहानसा पूल. आमचा जुना साकव तेवढाही नव्हता. माडाची दोन खोडं आडवी टाकलेली आणि धरायला एक बांबू. वाडीतल्या प्रत्येक पोराला चालायला शिकवलं की लगेच दुसरा धडा असे : साकवावर पाण्याकडे बघायचं नाही, पलीकडच्या काठाकडे बघायचं. पावसाळ्यात वहाळ भरला की खोडांवरून पाणी जाई. मग रस्त्याला लागायचं तर डोंगरावरची शेवाळलेली पायवाट, आणि त्या वाटेने आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी न्यायचं.

मी हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. ‘नवस्वतंत्र देशांतील राजकीय अस्थिरतेची कारणे लिहा’ हा माझा लाडका प्रश्न होता. उत्तर ठरलेलं : वसाहतींचा वारसा, दारिद्र्य, निरक्षरता, परकीय हस्तक्षेप. एका वर्षी कोणीतरी शेवटी एक कारण जास्तीचं लिहिलं होतं : ‘माणसांना आपला माणूस हरलेला आवडत नाही.’ मी लाल पेनने त्याच्यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं, पुस्तकात नाही. कोणाचा पेपर होता ते आता आठवत नाही. आठवलं असतं तर घरी जाऊन त्याचा मार्क परत दिला असता.

निवृत्त झालो आणि वर्षभरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलो. गावात दोन पॅनेलं होती. एकात मी, दुसऱ्यात माझा सख्खा चुलतभाऊ. आमची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त एक गडगा, रचलेल्या दगडांचा बांध. पण आमचा पक्ष वेगळा, त्यांचा वेगळा, आणि वरचे पुढारी एकमेकांच्या मांडीला मांडी लावून लग्नात जेवत असले तरी आम्ही खालचे मात्र निष्ठावंत. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात आमच्यातलं बोलणं बंद झालं ते तीन वर्षं बंदच राहिलं. गणपतीत आरतीला आलो तरी आम्ही समईच्या दोन बाजूंना उभे राहायचो.

सात जागांपैकी चार आमच्या आल्या. आमचा सरपंच झाला आणि आम्ही पहिलं काम धरलं ते साकवाचं. जागा निवडली वरची, पिंपळाजवळची, कारण चुलतभाऊ प्रचारात खालची जागा म्हणाला होता. खरं सांगायचं तर दुसरं कारण नव्हतंच. खालच्या जागेला कातळ आहे आणि वरती भुसभुशीत माती आहे हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आमच्याकडे कुठलंही काम काढलं की त्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागेवाल्याला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने बोलायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. एकदा व्हय म्हटलं की तो शब्द सगळ्यांचा झाला. त्या दिवशी गाऱ्हाणं घालायला मी पुढे झालो. शिक्षकाचा आवाज, समोर पन्नास माणसं, आणि पिंपळामागच्या गडग्यापलीकडे चुलतभाऊ ऐकत उभा आहे हे मला पक्कं माहीत होतं. बरकत मागितली, राखण मागितली, आणि मग जीभ घसरली म्हणणंही खोटं होईल, कारण मी ते ठरवूनच बोललो. साकव ह्याच जागेवर होईल, दुसरीकडे झाला तर आमच्या वाडीचा पाय त्याच्यावर पडणार नाही. पन्नास माणसं म्हणाली, व्हय महाराजा. काय छाती फुगली होती माझी.

सहा-आठ महिन्यांत आमचा एक सदस्य उपसरपंचपद मिळालं नाही म्हणून रुसून तिकडे गेला आणि आमचा सरपंच पडला. चुलतभाऊ सरपंच झाला. त्याने खालच्या जागेवर दुसरा नारळ ठेवला आणि गाऱ्हाण्यात म्हणे माझ्यावर ताण केली : साकव वर झाला तर त्यांच्या माणसांचा पाय पडणार नाही. मग मी कामाला लागलो. अविश्वास ठरावाचा मसुदा माझ्या अक्षरात आहे. सह्या गोळा करायला मी भर उन्हात फिरलो, एवढा मी मुलांची शाळागळती थांबवायलाही कधी फिरलो नव्हतो. तो पडला, त्याचा प्रस्तावही पडला. पुन्हा आमचा सरपंच, पुन्हा वरची जागा. इंजिनीयर येऊन माती हातात चुरडून गेला आणि कागद परत आले.

संध्याकाळी चहाच्या दुकानात आम्ही शेजारच्या देशांवर बोलायचो. कसली ती सरकारं, आज आहे तर उद्या नाही, लोकशाही त्यांच्या रक्तातच नाही, असं मी दोन बोटांत बिस्किट धरून समजावून सांगायचो. आणि साकव का होत नाही असं कोणी विचारलं तर माझ्याकडे यादी तयार असायची : जिल्हा परिषद, वरचा दबाव, कंत्राटदार, आणि गडग्यापलीकडचा तो.

तिसरा सरपंचही कंटाळून राजीनामा देऊन मोकळा झाला तेव्हा चौथी आली ती एक तरुण बाई, माझीच विद्यार्थिनी. दोन्ही पॅनेलांनी तिला निवडलं, कारण हिला केव्हाही खाली ओढता येईल असं दोघांनाही वाटलं. तिने कोणालाच काही विचारलं नाही. खालच्या जागेचा प्रस्ताव धूळ झटकून पाठवला आणि मंजुरी आणली. मग एका सकाळी फाईल घेऊन आमच्या पडवीत येऊन बसली. म्हणाली, सर, साकवाचा आपल्याकडचा पाय वाडीच्या सामायिक जमिनीत येतो. सातबाऱ्यावर नऊ घरं आहेत, नवांची संमती हवी. मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर निधी परत जाईल. आठ जणांकडे ती जाऊन आली होती. आठांनीही एकच सांगितलं होतं : गुरुजींनी जागेवाल्याला शब्द दिलाय, आम्ही व्हय म्हटलंय, सही करून पोराबाळांवर काही ओढवून घ्यायचं नाही.

चुलतभाऊसुद्धा त्या आठांत होता. माझ्या गाऱ्हाण्याला त्याने व्हय म्हटलं नव्हतं, पण गुरुजींचा पाय अडकलाय तर मी कशाला सोडवू, असा त्याचा हिशेब असावा. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

फाईल ठेवून जा, मी म्हटलं. आत आमची सून पाटावर बसून तांदूळ निवडत होती. पाचवा महिना लागला होता. मुलगा गोव्यात कंपनीत आणि सुनेला आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. डॉक्टरांनी तारीख दिली होती ती जुलैतली. जुलैत वहाळ कसा असतो ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाई गेल्यावर बायको दारात येऊन उभी राहिली.

“शब्द तुमचो,” ती म्हणाली, “आणि पाय सुनेचे.”

एवढं बोलून ती आत गेली. मला खूप राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. यादीतली सगळी नावं मनात घेऊन बघितली. एकही लागू पडेना.

दुसऱ्या दिवशी मी देवळाच्या म्हाताऱ्या मानकऱ्याकडे गेलो. नव्वदीला आलेला माणूस, ओटीवर बसून सुंभ वळत होता. मी नागरिकशास्त्राच्या भाषेत बरंच काही बोललो, परिस्थिती बदलली, लोकहित वगैरे. त्याने सुंभाला पीळ देता देता ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या दिवशी शब्द कोणाच्या तोंडातून गेला. मी म्हटलं, माझ्या.

“मगे त्याच तोंडान काड,” तो म्हणाला. “पण दोनय बाजूचे लोक व्हये. एकटोच जावन पुटपुटलंस, तर ता गाऱ्हाणा नाय, ती चोरी.”

दोनही बाजूचे म्हणजे मला गडगा ओलांडणं आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी चुलतभावाच्या घरापुढच्या खळ्यात उभा राहिलो. त्याची बायको गडबडून खुर्ची आणायला धावली. मी उभ्यानेच सांगितलं की रविवारी सकाळी पिंपळाजवळ ये, तुझ्या माणसांना घेऊन ये. कशाला म्हणून त्याने विचारलं नाही. बघू, म्हणाला. परत येताना गडग्याची शिडी चढता चढता मी दोनदा थांबलो.

रविवारी माणसं आली. वहाळाच्या अलीकडे आमची, पलीकडे त्यांची, मधे ती दोन खोडं. चुलतभाऊ राहायला अलीकडचा, पण त्या दिवशी पलीकडच्या घोळक्यात मागे उभा होता. मी नारळ ठेवला. मग हात जोडले.

“बा जागेवाल्या महाराजा,” मी म्हटलं, “हयसरच उबो रवान मियां एक शब्द टाकलेलंय. तो तुझ्यासाटी नाय होतो, पक्षासाटी होतो. साकव सरकारान अडवूक नाय, कंत्राटदारान अडवूक नाय. मियां अडवलंय. तो शब्द आज मी माघारी घेतंय. दोष आसात तो माझ्या माथ्यार येवंदे, वाडीच्या पोराबाळांच्या पायार नको.”

इथे सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायला हवं होतं. कोणीच म्हणेना. आमच्या लोकांनी माना खाली घातल्या होत्या, कारण व्हय म्हणणं म्हणजे आपलीही चूक कबूल करणं. वहाळाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं, आता फाईल परत गेली.

तेवढ्यात पलीकडून खोडावर पाय वाजले. चुलतभाऊ बांबू धरून येत होता. माझ्या बाजूला येऊन त्याने पिशवीतला नारळ काढून माझ्या नारळाजवळ ठेवला.

“महाराजा, माझोय शब्द तसलोच होतो,” तो म्हणाला. “दोनय एकदमच सोड.”

आणि तोच पहिल्यांदा म्हणाला, व्हय महाराजा. मग दोन्ही काठांवरून जो आवाज उठला, तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. सह्या त्याच दुपारी आमच्या पडवीत झाल्या. नववी सही करताना चुलतभाऊ माझंच पेन घेऊन गेला, ते अजून परत केलेलं नाही.

कंत्राटदार धावपळ्या निघाला. पावसाआधी स्लॅब झाला, जूनमध्ये कठडा लागला. जागेवाल्याला कबूल केलेले दोन कोंबडे दोन घरांतून आले आणि एकाच टोपात शिजले. जेवताना कोणीतरी पाचव्या सरपंचाचा विषय काढला, तेव्हा त्याला दोन्ही पॅनेलांनी मिळून गप्प बसवलं. आम्ही काही साधुसंत झालो नाही. पुढच्या निवडणुकीत मी चुलतभावाच्या विरोधातच मत देणार आहे, आणि तसं मी त्याला सांगितलंही आहे.

जुलैत तारखेच्या दोन दिवस आधी सून छत्री घेऊन साकवावरून चालत गेली. पलीकडे रिक्षा उभी होती. सगळं नीट झालं, नात झाली. आठवड्याने दोघींना घेऊन आलेली रिक्षा पलीकडे थांबली तेव्हा वहाळ दुथडी भरला होता आणि पाऊस लागून होता. चुलतभावाने पुढे होऊन छत्री धरली. मी पिशव्या घेऊन मागे होतो. साकवाच्या मधोमध सून थांबली आणि कठड्याशी वाकली. माझ्या तोंडून सवयीने गेलं, पाण्याकडे बघू नको गो, पलीकडे बघ.

“बाबा, हिका पाणी दाखयतंय,” ती म्हणाली.

चुलतभाऊ छत्री धरून उभाच होता. मी पिशव्या खाली ठेवल्या, कठड्याला हात लावला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा आमच्या वहाळाचं पाणी वरून बघितलं.