मास्तरांचा अणू गोठ्यावर चढला

आमचे हे, सेबॅस्टियन मास्तर, आयुष्यात एकदाही चुकलेले नाहीत. हे मी नाही, तेच म्हणतात. भाचीच्या लग्नाला आम्हांला भलत्याच चर्चमध्ये नेऊन बसवलं, अनोळखी नवरी समोरून चालत आली, तरी म्हणाले, "यांना बाहेर नीट पाटी लावायला काय झालं?" मी लिडिया, त्यांची बायको. आमच्या सांडोर गावात माझ्या सहनशक्तीचं नाव आहे.

मास्तरांनी शाळेत सायन्स शिकवलं. निम्म्या वसईने त्यांच्यापुढे घोकलंय, की अणूच्या मध्ये केंद्रक आणि त्याच्याभोवती ठरल्या वाटेने इलेक्ट्रॉन गोल फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे. गेल्या नाताळात आळ्यांमध्ये गोठ्यांची स्पर्धा लागली आणि यांच्या डोक्यात किडा वळवळला. बाळ येशूच्या गोठ्यावर सगळे तारा लावतात, आपण अणू लावायचा! जुन्या टेबलफॅनची मोटर, तारेची कडी आणि इलेक्ट्रॉन म्हणून माझ्या तुटलेल्या रोझरीचे मणी. मला विचारलं? छे, नाव नको.

बटण दाबलं, मणी गरगर फिरले. मास्तर खूश. तेवढ्यात आमची नात एलिसा म्हणाली, "आबा, हे असं नसतं." पोरगी अकरावी सायन्सला.

"काय नसतं?"

"इलेक्ट्रॉन असा वाटेवरून फिरत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. म्हणून ढगासारखा दाखवतात."

"सायन्स आहे की ज्योतिष?" मास्तर कडाडले.

मी केकच्या पिठात मनुका घालत होते. एलिसाने भांड्याकडे बोट केलं. "आजी, आधी लोकांना अणू असाच वाटायचा, पिठात मनुका रुतल्यासारखे इलेक्ट्रॉन. मग प्रयोगात केंद्रक सापडलं आणि ते चित्र गेलं. मग आबांचं आलं. हायड्रोजनपुरतं जमलं, पुढे अडलं." मला आपला पहिलाच अणू पसंत पडला. निदान खाता तरी येतो.

मास्तर त्या दिवशी धड जेवलेसुद्धा नाहीत. एलिसाचं पुस्तक घेऊन पडवीत बसले. आता छापखान्याची चूक काढणार, अशी माझी खात्री. पण स्पर्धेच्या सकाळी बघते, तर कडी मोडून टाकलेली, आणि माझी धडधाकट मच्छरदाणी फाडून तिचा भोपळ्याएवढा गोळा केलेला! आत बारीक दिवे, कुठेही लुकलुकणारे.

"हे काय?"

"मोटर बिघडली," म्हणाले. म्हणजे चूक मोटरची!

संध्याकाळी अख्खी आळी गोठ्यापुढे जमली. शेजारच्या ग्रेसीने विचारलं, "मास्तर, यंदा तारा कुठाय?" कोणीतरी मागून म्हणालं, "कोळ्याने खाल्ला." मग मास्तरांनी छडी घेऊन सगळं समजावलं, अगदी एलिसाच्या शब्दांत, पण जणू स्वतःचाच शोध असल्यासारखं. एलिसा हसू दाबत उभी.

गर्दीतून केनी पुढे आला. यांचा जुना विद्यार्थी, आता फ्रिज दुरुस्त करतो.

"सर, म्हणजे नुसते ठिपके ठिपके?"

"तसंच म्हण."

"नववीत मी अणूची आकृती अशीच काढली होती. नुसते ठिपके. तुम्ही भोपळा दिलात, वर अंगठे धरून उभं केलंत."

"आळशीपणाने काढली होतीस, गाढवा!"

"हो सर. पण बरोबर होती?"

आता मोटर, पाटी, छापखाना, कोणाच्या गळ्यात घोंगडं पडणार? मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू नशिबाने जवळ गेलास," म्हणाले. "आणि मी मात्र छातीठोकपणे अर्धंच शिकवलं. पुढे बदललेलं वाचलंच नाही. चुकलं माझं, केनी."

टाळ्या पडल्या. केनी डोळे पुसायला लागला. आणि मी? माझं डोकंच फिरलं! लग्न झाल्यापासून ज्या शब्दांसाठी माझे कान तरसले, ते या केनीला फुकट!

"अहो मास्तर," मी सगळ्यांदेखत विचारलं, "आणि वाडीतली विहीर? मी नको म्हणत असताना तुम्ही हट्टाने तिथेच खणलीत, तिला खारं पाणी लागलं. ते कोणाचं चुकलं?"

मास्तरांनी मच्छरदाणीकडे बघत घसा खाकरला.

"त्यावर," ते म्हणाले, "अजून संशोधन चालू आहे."

आळी पोट धरून हसली. मी नाही हसले. गोड्या पाण्याचे हंडे दुसऱ्याच्या विहिरीवरून मी वाहिलेत, आळीने नाही.