कापसाच्या खोलीत गेमिंग पीसी

दिवाळी झाल्यावर एका रविवारी आदिलाबादहून गावी गेलो होतो, भीमपूरकडे. पुतणीने बोलावलं होतं... तिच्या नव्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी कोणते सुटे भाग घ्यायचे ते ठरवायचं होतं.

प्रणाली माझ्या थोरल्या भावाची मुलगी. निर्मलला हॉस्टेलवर राहून शिकली, आता घरूनच टायपिंगची कामं करते. हॉस्टेलच्या मैत्रिणी पांगल्या, पण संध्याकाळी सगळ्या एका गेममध्ये भेटतात. हिचा जुना लॅपटॉप मध्येच थबकतो. बाकीच्या पुढे निघून जातात, ही मागे एकटी राहते.

अलीकडे त्या हिला बोलावणंही विसरू लागल्या होत्या. हे तिने सांगितलं नाही... वहिनीने सांगितलं.

तिने साठवलेल्या पैशात दादा भर घालणार होता. त्याची अट एकच. "एकदाच घ्यायचं. बिघडलं तं मले सांगू नको."

म्हणून आम्ही जपून निवडत होतो. प्रोसेसर मागच्या पिढीचा. रॅमची एकच पट्टी, दुसरीची जागा पुढे कधीतरी भरू. मॉनिटर वापरलेला. पॉवर सप्लाय मात्र चांगल्यातला, कारण गावच्या लाइटचा भरवसा नाही. असं वाचवून वाचवून उरलेलं सगळं ग्राफिक्स कार्डात घातलं. पडद्यावरचं चित्र त्याच्या जोरावर उमटतं... सगळा हट्ट त्या कार्डासाठीच होता.

वहिनी वालाच्या शेंगा मोडत ऐकत होती. "पोरगा पाहायले गेले तरी इतकी चवकशी करत नाही कोणी," ती म्हणाली.

"पोराले वारंटी नसते ना आई. विचारून काय फायदा?" प्रणालीने फोनमधून मान वर केली नाही.

मग टेबल कुठे ठेवायचं ते पाहायला आम्ही मधल्या खोलीत गेलो. तिथेच लाइटचा बोर्ड, तिथेच नेटची वायर. आणि तिथेच अर्धी खोली भरून, छातीपर्यंत, यंदाचा कापूस.

कोपऱ्यात टेबल फॅन होता. त्याच्या जाळीला पांढरी दाढी आली होती... प्रणाली त्या फॅनकडे पाहत राहिली. मीही पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी कळलं.

कार्ड जितकं मोठं तितकं ते तापतं, आणि कॅबिनेटचे पंखे तितकी जास्त हवा आत ओढतात. या खोलीत हवेबरोबर तंतू आत गेले असते. एका हंगामात सगळं गुदमरलं असतं.

किती व्हिडिओ पाहिले होते आम्ही... सगळे फ्लॅटमध्ये बसून बनवलेले. आम्ही दोघं कापसाच्या घरात वाढलो आणि आम्हालाच कापूस दिसला नाही. रोजचा होता म्हणून.

दुसरी जागा नव्हती. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, पुढच्या खोलीत दिवसभर माणसांचा राबता. आणि कापूस हलवायची गोष्ट कोणी काढली नाही. आमच्या घरात शेतात पूजा होऊन पहिल्या वेच्याचा कापूस आत आला, की विकेपर्यंत तो उंबऱ्याबाहेर जात नाही. लक्ष्मी आहे ती. त्या खोलीत आम्ही चप्पलसुद्धा नेत नाही.

मी म्हटलं, आदिलाबादला माझ्याकडे ठेवू, तू येत जा. ती म्हणाली, "काका, कार्ड लहान घेऊ. कमी तापते. मी कॅबिनेटले जाळी लावून घेईन."

दादा दारात कधी येऊन उभा राहिला होता, कळलं नाही. "लहान म्हंजे? खेळता येते का त्याच्यावर?"

"येते बाबा. थोडं धुरकट दिसते. कधी कधी अडकते."

"आताबी अडकूनच राह्यलं ना?"

ती फॅनच्या जाळीवरचे तंतू बोटाने काढू लागली.

"मंग धुरकट काऊन पाहायचं?" एवढंच म्हणून तो बाहेर गेला. मला वाटलं, चिडला.

पुढच्या रविवारी गेलो तर घर ओळखू येईना. पुढच्या पडवीला तीन बाजूंनी टिनपत्रे लागले होते, जमीन सारवलेली होती. आणि पडवीच्या बाहेरच्या कडेला सागाची जाड फळी आडवी बसवलेली, हळदकुंकू लावलेली... दादाने उंबराच पुढे घेतला होता. कापूस पडवीत होता, म्हणजे घरातच होता. मधली खोली धुऊन वाळत होती.

वहिनी हसत होती. "कापसाले नवी खोली, पोरीले नवी खोली. मले चुलीपाशीच ठेवलं यायनं."

रात्री कापसाजवळ कोणी तरी हवं म्हणून दादाची खाटही तिकडेच गेली. थंडी पडली आहे. पत्र्याच्या फटींतून वारा येतो... तो म्हणतो, लागत नाही.

कार्ड मोठंच घेतलं. भाग आले, परवा दुपारभर बसून आम्ही ते जोडले. संध्याकाळी तिने हेडफोन लावला. बराच वेळ नुसती बोटं चालत होती, मग ती एकदम ओरडली, "अगं थांबा, मी पुढं आहे!" घरातलं मांजर पळालं.

दादाने तो गेम अजून पाहिलेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मले काय करायचं पाहून? तिचं तिले दिसलं पायजे."

निघताना त्याला काही तरी म्हणावंसं वाटलं. पण आमच्याकडे भावाभावांत आभार मानत नाहीत, तो हसला असता... दादा फेसबुकवर नाही. म्हणून इथे लिहिलं.