न उजळलेली गाठ

बडनेऱ्याच्या भागीरथाबाईंनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोराचं वजन काट्यावर बरोबर भरलं तरी त्या त्याचा दंड चिमटीत धरून पाहत, मगच वहीत आकडा लिहीत. तोंडानं फटकळ. सुपरवायझर बाईंनाही त्यांनी कधी सोडलं नव्हतं.

साठीत त्यांना स्तनाचा कॅन्सर निघाला. काखेतही गाठ. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात चार किमो झाले, केस गेले, नखं काळी पडली. मग पेट स्कॅन. उपाशी ठेवून शिरेतून किरणोत्सारी साखर सोडली आणि तासभर हलू न देता निजवलं. कॅन्सर जिवंत असला की साखर तिथं साठते, चित्रात ती जागा उजळते, असं मुलीनं, दीपमालानं, समजावून सांगितलं होतं.

काख उजळली नाही. डॉक्टर खूश.

"आजी, औषध लागू पडलं. हेच पुढं चालू ठेवू."

"पण साहेब, काखेतली गाठ तशीच हाये. मोठीच लागून राहिली हाताले."

"मेलेली गाठ असेल. मशीनला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

"एकडाव हात तर लावून पाहा!"

डॉक्टरांनी पुढची फाइल उघडली.

आणखी दोन किमो झाले. बोराएवढी गाठ लिंबाएवढी झाली. दीपमालाही वैतागली. "आई, रिपोर्ट चांगला आला, तरी तू काहून घोर करून राहिली?"

भागीरथाबाईंनी ताट सरकवलं. "तुयावाल्या रिपोर्टले काख नाई. मले हाये!"

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच गाडीत बसून अकोल्याला गेल्या. तिथल्या आचल नावाच्या तरुण डॉक्टरनं फाइल बाजूला ठेवून आधी काख चाचपली. तिचा चेहरा बदलला. सुई घालून तुकडा काढला, तपासायला पाठवला. कॅन्सर चांगला जिवंत होता. जास्तीच्या तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली.

"काही पेशींच्या आवरणात एक प्रथिन असतं, पंपासारखं," आचलनं सांगितलं. "आत शिरलेलं औषध ते बाहेर फेकतं. तुमच्या गाठीत ते भरपूर आहे. अशा काही गाठींत स्कॅनची साखरही कमी साठते. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. तुमचं असंच झालं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण उजळली नाही म्हणजे मेली, असं धरायला नको होतं."

भागीरथाबाईंच्या डोळ्यांत पाणी नाही आलं. कानशिलं तापली. "मंग ते सहा किमो मी कायले सोसले? अन् लोकं मलेच येडी म्हनून राहिले होते!"

ऑपरेशन झालं, औषध बदललं. टाके निघाल्यावर, हात खांद्याच्या वर जात नसताना, त्या दीपमालाला घेऊन अमरावतीच्या त्या डॉक्टरसमोर जाऊन बसल्या आणि अकोल्याचा रिपोर्ट त्याच्या पुढ्यात ठेवला.

"आजी, स्कॅनमध्ये दिसलंच नाही, तर माझा काय दोष?"

"स्कॅनचा दोष मी काढतच नाई. मी सांगतलं होतं, तुमी हात नाई लावला. तेवढं फाइलीत लिहा."

"असं लिहिता येत नाही."

"मंग मी इथंच बसते. भायेर बाया हायेत, त्याइले सांगते, गाठ सांगतली तर हे साहेब पाहत नाईत."

आवाज दाराबाहेर गेला. बाकावरच्या दोन बाया उठून दाराशी आल्या. अखेर डॉक्टरांनी पेन उचललं: रुग्णाने गाठ वाढल्याचे सांगितले होते, हाताने तपासणी केली नाही.

"तारीख टाका. सही करा."

रिक्षात दीपमाला हळूच म्हणाली, "चूक झाली माझीबी, आई. पण आता तरी शांत हो. जीव वाचला ना?"

"वाचला का नाई, ते अजून कोनाले मालूम?" भागीरथाबाई उसळल्या. "अन् वाचला तरी काहून शांत होऊ? माया अंगातलं मी सांगून राहिली होती, दीपे. दुसऱ्याच्या घरातलं नाई!"