कूलरचा कट्टा

अकोल्याच्या त्या इमारतीच्या फाटकावर एक हिरवा फलक आहे. त्यावर पानाचं चित्र आणि खाली 'तरुणांसाठी पर्यावरणपूरक, लवचीक घरं' असं लिहिलंय. तो फलक दिसला की माझं डोकं फिरतं. ती घरं मीच आखली आहेत, म्हणून जास्तच फिरतं.

मी अमरावतीची. आर्किटेक्चर पुण्यात शिकले आणि परत येऊन इतकी वर्षं वऱ्हाडातच घरांचे नकाशे काढते आहे. त्या बिल्डरचं काम आलं तेव्हा मी हुरळून गेले होते. बँकेत, दवाखान्यात, कॉलेजात नुकती लागलेली पोरं-पोरी आपल्याकडे घर शोधायला निघाली की त्यांचे हाल कुत्रं खात नाही. एकटा मुलगा असला तर 'फॅमिलीच पाहिजे', एकटी मुलगी असली तर शंभर प्रश्न. त्यांना भाड्यानं द्यायला छोटी, नीट घरं बांधायची होती. एक खोली, ओटा, न्हाणी आणि मधे माझी सरकती भिंत. भिंत कसली, चाकांवरचं उंच कपाटच ते. ढकललं की एका खोलीच्या दोन होतात.

त्या भिंतीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रत्येक खिडकीबाहेर मी अडीच फुटांचा सिमेंटचा कट्टा काढला होता, वर सावलीला छज्जा, बाजूला पाण्याचा नळ आणि विजेचा प्लग. कूलर ठेवायला.

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. कूलर खिडकीबाहेर उभा राहतो, बाहेरची कोरडी हवा ओढतो आणि ओल्या ताट्यांमधून गार करून आत सोडतो. तोच घरात ठेवला तर घरातलीच दमट हवा फिरवत बसतो आणि अंग नुसतं चिकचिकतं. आमच्याकडे उन्हाळा लागला की वडील स्वतः वाळ्याच्या ताट्या बदलायचे. पहिल्या दिवशी पंप सुरू झाला की तो वास घरभर पसरायचा आणि आम्ही भावंडं समोरची जागा पकडायला भांडायचो. पुण्यात मी हे वर्गात सांगितलं तर पोरं हसली होती. त्यांनी कूलर फक्त लग्नाच्या हॉलमध्ये पाहिलेला.

पण बिल्डर तर अकोल्याचाच होता. स्वतःच्या ऑफिसच्या खिडकीला कूलर लावून, त्याच्या हवेत आरामात बसून तो मला म्हणाला, "मॅडम, हे कट्टे काढून टाका. कूलर लोंबकळून राहिले त बिल्डिंग गरिबाची दिसते. समोरून पुरी काच लावू."

"पश्चिमेला काच लावली तर आत भट्टी होईल," मी म्हटलं.

"एसी लावतील न."

"ज्यांचा पगार आत्ता कुठं सुरू झालाय, ते?"

"ते आज हायेत, उद्या पुण्याले चालले जातील. पोट्टे कायले तक्रार करतात?"

मी भांडले. दोनदा नकाशांची गुंडाळी उचलून बाहेर आले. तिसऱ्यांदा सही केली. कट्टे गेले तरी सरकती भिंत तर राहते, अशी मी माझीच समजूत घातली. खरं कारण एवढंच, की ते काम मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

लोक राहायला आल्यावर, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी सरकत्या भिंतीचे फोटो काढायला गेले. दुसऱ्या मजल्यावर एका घराचं दार सताड उघडं होतं आणि दारातच कूलर ठेवलेला, अर्धा आत, अर्धा पॅसेजमध्ये. आत एक मुलगी लाल डोळ्यांनी पलंगावर बसली होती. अंजनगावकडची, घरचा भाजीपाल्याचा मळा. इथं दवाखान्याच्या लॅबमध्ये रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची.

मी कोण ते सांगितल्यावर ती उठून उभी राहिली. "हा नकाशा तुमीच काढला काय, मॅडम?"

मी हो म्हटलं.

तिनं कपाटातून बिल्डरचं छापील पत्रक काढून माझ्या हातात दिलं. त्यावर माझं जुनं चित्र होतं. कट्टा, छज्जा, नळ, सगळं जागच्या जागी. "याच्यात कूलर ठेवाची जागा होती न, म्हणून त मी हे घर किरायानं घेतलं," ती म्हणाली. "मालक एसी लावून देत नाही. काच उघडत नाही. मंग कूलर दारातच ठेवा लागते, अन् दार उघडं टाकून झोपा लागते."

"मग ही भिंत दारासमोर ओढून घे," मी म्हटलं. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिनं ती भिंत ओढून दाखवली. पलंग झाकला गेला आणि कूलरची हवाही तिथंच अडली. मग तिनं भिंत परत ढकलली. हवा आली, आणि पॅसेजमधून जाणाऱ्या माणसानं आत पाहिलं.

"इकडं केली त जीव गुदमरते, तिकडं केली त सगळ्यायले मी दिसते. तुमी एक दुपार राहून पाहा न इथं."

मी राहिले. दुसऱ्या दिवशी तिला रात्रीऐवजी बारा तासांची दिवसपाळी लागली होती, ती किल्ली देऊन गेली. एक वाजेपर्यंत काचेला हात लावता येईना. दोन वाजता मी दार उघडून कूलरसमोर आडवी झाले. गॅसवाला डोकावला, शेजारचे दोघं डोकावले, वॉचमन तर थांबून पाहत राहिला. माझं वय पन्नाशीचं, तरी मी ओढणी घट्ट गुंडाळून उठून बसले. साडेतीनला मी तडक बिल्डरकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या दुसऱ्या इमारतीच्या नकाशांवर माझी सही बाकी होती. ती अडवून धरली. त्यानं हात झटकले, मग धमकावलं, मग दुसरा आर्किटेक्ट बघतो म्हणाला. महिनाभर भांडून मी एक कागद मिळवला. तिच्या एका खिडकीची काच कापून बाहेर कट्टा काढायची परवानगी. एवढ्या इमारतीत एक खिडकी, आणि तेवढ्यावरही मी खूश झाले होते.

कागद घेऊन गेले तर घराला कुलूप. वॉचमननं जुन्या वस्तीतला तिचा नवा पत्ता सांगितला.

पत्र्याचं, बसकं घर. ओसरीत घरमालकीण झेंडूचे हार ओवत बसली होती. बाजूच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा स्टँड, आणि त्यावर तोच कूलर घरघरत होता. ओल्या ताट्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता.

मी दाराकडे गेले तशी बाई म्हणाली, "कावून उठवता तिले? रातपाळी करून आली. आत्ताच डोळा लागला."

मी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. दार आतून बंद होतं. मी कडी वाजवली नाही.